फोर्टातल्या सेंट थॉमसची तीन शतके

मुंबईच्या फोर्ट भागात, हॉर्निमन सर्कलच्या पश्चिमेला सेंट थॉमस कॅथीड्रल उभे आहे. तिथे पहिली उपासना झाली २५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी. २०१८च्या नाताळात या उपासनेला तीनशे वर्षे पूर्ण झाली. मुंबई बेटावर इंग्रजांनी उभारलेले हे पहिले चर्च. पोर्तुगीजांची चर्च त्याच्याही आधीची आहेत. वसईत, साष्टीत आणि खुद्द मुंबईत ती सोळाव्या शतकापासून होती. पण इंग्रजांच्या मुंबईचा इतिहास एकाच वास्तूच्या भिंतींवरून वाचायचा झाला, तर तो सेंट थॉमसइतका सलग दुसरीकडे वाचायला मिळणार नाही.

चर्चचे वय कोणत्या तारखेपासून धरायचे, याला इथे दोन पर्याय होते. इमारतीचा पाया पडला तो १६७६ मध्ये. उपासना सुरू झाली त्यानंतर बेचाळीस वर्षांनी. पाया धरला असता तर तीनशे वर्षे १९७६ मध्येच भरली असती. मान मिळाला तो उपासनेला, आणि ते योग्यच झाले. दगड रचले गेले म्हणून चर्च होत नाही. त्यात माणसे जमून प्रार्थना करू लागली म्हणजे ते होते. खेड्यापाड्यांतल्या मराठी मंडळ्याही आपले वय याच रीतीने सांगतात. त्यांपैकी कित्येकींची सुरुवात झाडाखाली नाही तर शाळेच्या खोलीत झाली, आणि चर्चची इमारत मागाहून आली.

१६७६चा पाया घातला जेराल्ड आँजिए याने. १६६९ ते १६७७ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. न्यायालय, टांकसाळ, व्यापाऱ्यांना धर्मस्वातंत्र्याची हमी, अशा पायाभूत गोष्टींशी त्याचे नाव जोडलेले आहे. तोवर इंग्रजांची उपासना किल्ल्यातल्या खोल्यांत होत असे. आँजिएने १६७५ मध्ये मुंबईतल्या ख्रिस्ती समाजाला दिलेला चांदीचा प्याला कॅथीड्रलने जपून ठेवला आहे. म्हणजे प्रभुभोजनाचा प्याला इमारतीच्याही आधीचा. १६७७ मध्ये आँजिए सुरतेत वारला आणि काम जागीच थांबले. सुमारे पंधरा फूट चढलेल्या भिंती छपराविना जवळजवळ चाळीस वर्षे पावसात उभ्या होत्या. त्या काळात बेटावर काय काय झाले नाही! १६८३ मध्ये कॅप्टन केग्विनने ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड केले. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने बेट व्यापून किल्ल्याला वेढा घातला. रोगराईने तर इंग्रजांची संख्या मूठभरावर आणली. मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे त्या वेळी म्हटले जाई. चर्चसाठी जमलेल्या पैशाचे काय झाले याबद्दलही तेव्हाच तक्रारी होत्या.

अर्धवट राहिलेले काम पुरे करायचे मनावर घेतले ते रिचर्ड कॉब या कंपनीच्या चॅप्लिनने. १७१४ मध्ये तो मुंबईत आला. पुढच्याच वर्षी त्याने प्रवचनातून श्रोत्यांना बजावले, की व्यापारासाठी इतके बांधकाम करणाऱ्यांना देवाच्या घरासाठी छप्पर घालता येत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. त्याचे बोलणे लागू पडले. कंपनीने पैसे दिले, कंपनीच्या नोकरांनी दिले, इतर वखारींतूनही वर्गणी आली. सगळी हकिगत कॉबने पुढे पुस्तकरूपाने लिहिली आणि १७६६ मध्ये ती इंग्लंडमध्ये छापली गेली. कॉब साधा वृत्तांत लिहिणारा माणूस होता. कोणी काय केले, कोण कुठे उभे होते, हे तो सांगत जातो आणि म्हणूनच त्याचे पुस्तक मोलाचे आहे. मुंबईतल्या कोणत्याही उद्घाटनाचे इतके जुने आणि इतके तपशीलवार वर्णन सहज सापडत नाही.

त्या नाताळच्या सकाळी गव्हर्नर चार्ल्स बून आणि त्याचे कौन्सिल लवाजम्यानिशी चर्चकडे आले. चर्च झाडांच्या फांद्यांनी सजवले होते. दाराशी कॉबने त्यांचे स्वागत केले. उपासना झाली, प्रवचन झाले, त्याच दिवशी एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. नंतर मेजवानी झाली आणि तोफांच्या सलामीही झडल्या. या वर्णनात एक ओळ अशी आहे की ती वाचताना मराठी वाचकाने थांबावे. कॉब लिहितो, की रामाजी कामत आणि त्यांच्याबरोबर आलेले पुष्कळ एतद्देशीय लोक चर्चच्या भोवती उभे होते. उपासनेतली शिस्त आणि शालीनता त्यांना इतकी आवडली की ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

रामाजी कामत हे बेटावरचे मोठे शेणवी व्यापारी. इंग्रजी दफ्तरात त्यांचे नाव रामा कामाती असे येते. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांनी १७१५ मध्ये केला. कॉबने चर्चसाठी हाक दिली तेही याच वर्षी. एकाच बेटाच्या दोन टोकांना एकाच वर्षी दोन देवस्थानांची कामे चालू होती, आणि त्यातल्या एकाचा कर्ता दुसऱ्याच्या पहिल्या उपासनेला हजर राहिला. धर्माच्या बाबतीत मुंबईचे वळण सुरुवातीपासून कसे होते, हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा मिळणे कठीण.

पण पुढे जे घडले ते फार वाईट. बूनने १७१८च्या नोव्हेंबरात, म्हणजे त्या नाताळच्या काही आठवडे आधी, खांदेरीवर आरमार पाठवले होते. कान्होजी आंग्रे यांच्याकडून खांदेरी काही घेता आली नाही. पराभवाचे खापर फोडायला कोणीतरी हवे होते. १७२० मध्ये रामाजींवर आरोप ठेवण्यात आला, की त्यांनी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार करून कंपनीचे बेत कळवले. एका साक्षीदाराकडून यातना देऊन कबुली घेतली गेली. रामाजी दोषी ठरले, मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. ज्या पत्रावर खटला उभा केला होता ते बनावट होते, हे नंतर उघड झाले. खटला चालवणारे सरकार बूनचेच होते; दोन वर्षांपूर्वी याच बूनच्या मिरवणुकीमागे रामाजी आदराने चर्चपाशी उभे राहिले होते. या वास्तूच्या तीन शतकांचा जमाखर्च मांडायचा तर ही नोंद खर्चाच्या बाजूला ठळक अक्षरात हवी. कॉबचेही गव्हर्नर आणि कौन्सिलशी फार काळ जमले नाही. थोड्याच वर्षांत त्याला इंग्लंडला परत जावे लागले.

आतली व्यवस्थाही त्या काळच्या मुंबईला साजेशीच होती. बाके हुद्द्याप्रमाणे वाटून दिलेली असत. गव्हर्नर कुठे, कौन्सिलचे सभासद कुठे, व्यापारी कुठे, हे ठरलेले होते. खालच्या दर्जाच्या समजल्या गेलेल्या बायकांसाठी वेगळी जागा होती आणि तिला तसेच नावही होते. ज्या धर्मात एकाच प्याल्यातून सगळ्यांनी घ्यायचे, त्याच्या मंदिरात बाकांवर दर्जाच्या चिठ्ठ्या असाव्यात, ही विसंगती त्या वेळच्या उपासकांना खटकली असेल असे वाटत नाही.

चर्च झाले आणि शहर त्याच्या खुणेने ओळखले जाऊ लागले. बूनच्याच कारकिर्दीत शहराभोवती तट उभा राहिला. त्याला तीन मुख्य दरवाजे होते, अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. चर्चकडून पश्चिमेला जाणारा रस्ता जिथून बाहेर पडे तो चर्च गेट. आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जवळपास तो होता. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडला, दरवाजा गेला, पण नाव उरले आणि पश्चिम रेल्वेच्या स्थानकाला मिळाले. रोज लोकलने चर्चगेटला उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी फारच थोड्यांना ते चर्च कोणते हे माहीत असते. मुंबईतली अंतरेही याच ठिकाणापासून मोजत. सेंट थॉमसपासून किती मैल, हे सांगणारे रोमन आकड्यांचे दगड शहरात रस्त्यांच्या कडेला बसवलेले होते. त्यातले काही दगड फुटपाथखाली गाडले गेले होते, ते अलीकडे पुन्हा उकरून सांभाळले गेले आहेत.

‘सेंट थॉमस’ हे नाव या चर्चला पहिल्या दिवसापासून नव्हते. १८१६ मध्ये कलकत्त्याचे पहिले बिशप मिडलटन मुंबईत आले, तेव्हा त्यांनी विधिपूर्वक प्रतिष्ठा केली आणि प्रेषित थॉमसच्या नावे चर्च अर्पण झाले. भारतात सुवार्ता आणली ती थॉमसने, अशी इथल्या ख्रिस्ती समाजाची जुनी परंपरा आहे. १८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. थॉमस कार पहिले बिशप झाले आणि त्यांचे आसन इथे आल्याने चर्चचे कॅथीड्रल झाले. पुढच्या वर्षी मनोरा चढला. १८६०च्या दशकात, कापसाच्या तेजीत शहर पैशाने ओसंडत असताना, वेदीकडचा भाग मोठा करून बांधला गेला. पश्चिमेच्या दारापाशी असलेले कारंजे त्याच सुमाराचे. त्याचा आराखडा लंडनच्या सर गिल्बर्ट स्कॉट यांचा आणि पैसा कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थांचा. एका झरतुष्ट्री माणसाने चर्चच्या दाराशी पाणी आणून दिले, ही घटना रामाजींच्या हजेरीच्या पंगतीत बसणारी आहे. कॅथीड्रलच्या गायकवृंदाला मुले मिळावीत म्हणून १८६० मध्ये शाळाही निघाली. आजच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूलचा उगम तो.

आत शिरल्यावर नजर जाते ती भिंतींवरच्या संगमरवरी स्मृतिशिल्पांकडे. लढायांत पडलेले सैनिक, तापाने गेलेले कारकून, बाळंतपणात दगावलेल्या तरुण स्त्रिया, दूध पिती मुले. नावांखालची वये वाचत गेले की साम्राज्याचा डामडौल मागे पडतो आणि घर सोडून आलेल्या माणसांचे दुःख समोर उभे राहते. १७९५ ते १८११ गव्हर्नर असलेला जोनाथन डंकन इथेच पुरला आहे. काशी आणि काठेवाडात मुलींना जन्मतःच मारण्याची चाल बंद करण्यासाठी त्याने प्रयत्न केले, याची नोंद त्याच्या स्मारकावर कोरलेली आहे. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी उपासनेला आले तेव्हाच्या त्यांच्या खुर्च्याही ठेवलेल्या आहेत.

मराठी ख्रिस्ती समाजाची वाट या काळात वेगळीच होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नकोच होते. चॅप्लिन हे कंपनीच्या युरोपियन माणसांसाठी. एतद्देशीयांत धर्मप्रसार ही डोकेदुखी, असे सरकारचे मत. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईतून अहमदनगरला पोचले, तिथे मंडळी वाढली, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले, आणि नारायण वामन टिळकांच्या हातून अभंग-कीर्तन उपासनेत आले. नगरच्या मंडळीत टाळ वाजत होते तेव्हा फोर्टात ऑर्गन वाजत होता. दोघांचा देव एक, पण एकमेकांशी ओळख बेताचीच.

ती दरी बुजवण्याचे मोठे पाऊल पडले २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात. उत्तर भारतातल्या सहा प्रॉटेस्टंट परंपरा आपापली वेगळी घरे मोडून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या एका छताखाली आल्या. त्यात अँग्लिकन होते, म्हणजे सेंट थॉमस होते. अमेरिकन मिशनच्या मराठी मंडळ्या ज्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या होत्या, तेही होते. इंग्लंडच्या चर्चशी असलेला कायद्याचा संबंध त्याआधी चाळीस वर्षे, १९३० मध्येच सुटला होता. सेंट थॉमसच्या तीनशे वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा दिवस १९७०चा, असे म्हणायला हरकत नाही. बाकांवरच्या हुद्द्याच्या चिठ्ठ्या खऱ्या अर्थाने त्या दिवशी निघाल्या. गव्हर्नरासाठी बांधलेले चर्च टिळकांच्या मंडळीचे सख्खे भावंड झाले.

एखाद्या मंडळीचा मोठा वर्धापनदिन कसा साजरा होतो, याची रीत महाराष्ट्रात साधारण ठरलेली आहे. केंद्रस्थानी असते ती उपकारस्तुतीची उपासना आणि प्रभुभोजन. बिशप येतात, आसपासच्या मंडळ्यांचे पाळक येतात. जुन्या पाळकांची, वडिलांची, सेविकांची नावे वाचली जातात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या जुन्या वह्या उघडून स्मरणिका काढली जाते. चार पिढ्यांची घराणी एकाच बाकावर बसतात, परगावी गेलेली माणसे परत येतात, आणि मग अंगणात प्रीतिभोजन होते. यातली वह्या उघडण्याची गोष्ट सर्वांत मोलाची. मंडळीचे खरे दफ्तर तेच, आणि वाळवी, ओल व दुर्लक्ष यांनी त्याचा बळी जायच्या आत ते वाचले जाते ते बहुधा अशा निमित्ताने. शताब्दी जवळ आलेल्या प्रत्येक मंडळीने रंगरंगोटीच्या आधी या वह्यांची सोय लावावी.

फोर्टातली इमारतही मधल्या काळात थकली होती. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या देखरेखीखाली तिचा जीर्णोद्धार झाला, आणि २००४ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. म्हणून तीनशेव्या वर्षी छप्पर धडके होते. मुंबईच्या बिशपांचे आसन आजही इथेच आहे आणि दर रविवारी इथे उपासना होते.