मायनर विषय म्हणून न्यूरोसायन्स घ्यावा का?

बारावीनंतर मेजर विषय कोणता घ्यायचा यावर घरात आठवडाभर चर्चा होते. मायनरचा रकाना मात्र अर्ज भरता भरता पाच मिनिटांत उरकला जातो. "मार्क कशात पडतात?" आणि "मित्राने काय घेतलं?" एवढेच दोन प्रश्न! राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आपल्याकडे मेजर-मायनर पद्धत आली. मायनरला साधारण १८ ते २० क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे एकूण तीनशे तासांच्या आसपास. एवढा वेळ नुसत्या मार्कांसाठी घालवायचा का?

जिथे न्यूरोसायन्स मायनर म्हणून मिळत असेल, तिथे मानसशास्त्र, संगणकशास्त्र, भाषा किंवा शिक्षणशास्त्र घेणाऱ्या मुलांनी त्याचा जरूर विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

न्यूरोसायन्स म्हणजे चेताविज्ञान. शाळेत चेतासंस्था शिकलात, तिचाच हा सखोल अभ्यास. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के. त्यात अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत.

याचा मेजर विषयाशी काय संबंध? एक उदाहरण बघा. १९५३ साली अमेरिकेत एका रुग्णाच्या फिट्स थांबवण्यासाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला गेला. त्यानंतर नवीन घटना त्याच्या लक्षात राहीनात. पण आरशात बघून चित्र गिरवण्याचा सराव त्याच्याकडून करून घेतला, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आणि गंमत म्हणजे, आपण हे काल केलं होतं हे त्याला आठवतच नसे! म्हणजे सनावळ्या लक्षात ठेवणं आणि सायकल शिकणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. उद्या शिक्षक होणाऱ्याला हे माहीत नको का?

काही पालक म्हणतील, "एक ना धड, भाराभर चिंध्या." शंका रास्त आहे. पण एरिक कँडल यांच्याकडे बघा. हार्वर्डमध्ये त्यांचा विषय इतिहास आणि साहित्य होता. पुढे ते वैद्यकशास्त्राकडे वळले, समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून स्मृती पेशींच्या पातळीवर कशी तयार होते हे त्यांनी शोधलं आणि २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. दुसऱ्या विषयाची ओढ माणसाला कुठे नेईल, सांगता येत नाही.

आणखी एक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली क्लास निघाले. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचतं, असं दाखवून पालकांकडून हजारो रुपये घेतले गेले. खरं तर मध्यमेंदू जन्मापासून कामच करत असतो. डोळ्यांची हालचाल, बाहुली लहान-मोठी होणं यात त्याचा वाटा असतो. तो 'चालू' करायला क्लास कशाला? आणि डोळ्यांत उजेड गेल्याशिवाय अक्षर दिसत नाही. मूल पट्टीखालच्या, नाकाजवळच्या फटीतून बघतं. 'आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो' ही अशीच एक थाप. अशा वेळी गल्लीतल्या चार पालकांना समजावून सांगणारा एक जरी पदवीधर असला, तरी त्यांचे पैसे वाचतील आणि मुलांना खोटं बोलायची सवय लागणार नाही.

मात्र एक इशारा. मायनर करून कोणी मेंदूचा डॉक्टर होत नाही, कोणाला उपचारही सांगायचे नसतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं व्हायला नको. चेतापेशीतून विद्युत संदेश कसा जातो, हे समजायला थोडं रसायन, थोडं भौतिक आणि संख्याशास्त्र लागतंच. तो कंटाळवाणा भाग टाळायचा असेल, तर हा विषय घेऊ नका.

महाविद्यालयांनीही नुसत्या नोट्स वाटून हे क्रेडिट देऊ नयेत. प्रतिक्षेप क्रिया तपासणं, प्रतिसादाला लागणारा वेळ मोजणं हे प्रयोग तर पट्टी आणि स्टॉपवॉचवरही होतात.

तेव्हा मुलांनो, रकाना भरण्याआधी अभ्यासक्रम मागून वाचा, प्रात्यक्षिकं आहेत का ते विचारा, शिकवणारे कोण आहेत ते बघा. आणि मगच ठरवा.