‘झिग्नाटूर’ म्हणजे सही नव्हे

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना अमलात आली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी व संशोधक, असा तिचा पसारा आहे. वाचनाची दारे उघडली, हे स्वागतार्हच आहे. पण ज्या पत्त्याच्या आधारे वाचक त्या दारापर्यंत पोहोचतो, तो पत्ता म्हणजे संदर्भसूची. आणि ती लिहिण्याची शिस्त कोणतीही वर्गणी भरून मिळत नाही. परभाषेतील, विशेषतः जर्मन संकेतस्थळांचे दाखले इंग्रजी प्रबंधांत ज्या रीतीने उतरवले जातात, ते पाहिले की ही उणीव उघडी पडते.

तंजावरचेच उदाहरण घ्यावे. दुसरे सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि १८३२ पर्यंत त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, वैद्यकाचे प्रयोग करवले, युरोपातून ग्रंथ आणि उपकरणे मागवली. त्यांना लहानपणी शिकवणारे ख्रिस्तियान फ्रिडरिख श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगमबाडीला उतरलेले जर्मन मिशनरी होते. त्या मिशनची पत्रे आणि रोजनिशा आज जर्मनीतील हाले येथे, फ्रांके संस्थेच्या दप्तरखान्यात आहेत आणि त्यांची सूची संकेतस्थळावर पाहता येते. म्हणून तंजावरच्या मराठी दरबारातील विज्ञानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला जर्मन पानांचा दाखला देणे टळत नाही.

आणि पहिली ठेच तिथेच लागते. सूचीत प्रत्येक नोंदीपुढे ‘झिग्नाटूर’ असा शब्द आणि त्यापुढे ‘एएफएसटी/एम’ने सुरू होणारा क्रमांक असतो. घाईत असलेला विद्यार्थी त्याचे इंग्रजी ‘सिग्नेचर’ करून मोकळा होतो. झिग्नाटूर म्हणजे सही नव्हे. तो बोधांक आहे, दस्तऐवज कोणत्या विभागात, कोणत्या गठ्ठ्यात ठेवला आहे ते सांगणारी खूण. इतरत्र ही चूक हसण्यावारी नेता आली असती. तंजावरच्या संदर्भात ती तशी नेता येत नाही, कारण सरस्वती महालातील कित्येक छापील ग्रंथांवर सरफोजी राजांची खरीखुरी सही आहे. तिथे ‘सिग्नेचर’ हा शब्द लिहिणे म्हणजे एक ऐतिहासिक विधान करणे होय, आणि ते खोटे असते.

दुसरी चूक तारखांची. जर्मन दाखल्यांत ‘अबगेरूफन आम’, ‘त्सुगरिफ आम’ किंवा ‘बेझुख्ट आम’ असे शब्द येतात. तिन्हींचा अर्थ एकच: दाखला देणाऱ्याने ते पान अमुक दिवशी पाहिले. ‘श्टांड’ हा शब्द मात्र वेगळा. पानावरचा मजकूर अमुक दिवसापर्यंतचा आहे, असे तो सांगतो. एक तारीख वाचकाची, दुसरी मजकुराची. दोन्हींना सरसकट ‘ॲक्सेस्ड’ म्हणणे म्हणजे ताऱ्यावरून प्रकाश निघाल्याची वेळ आणि तो दुर्बिणीत पोहोचल्याची वेळ एकाच रकान्यात लिहिणे. प्रयोगवहीत असे करणाऱ्याला कोणताही मार्गदर्शक ती नोंद पुन्हा करायला लावील. संदर्भसूचीत मात्र तीच नोंद बिनबोभाट पुढे जाते.

त्यात अंकांचा क्रम. जर्मन लेखक ०३.०४.२०२१ असे लिहितो तेव्हा तो ३ एप्रिल म्हणत असतो. शब्द तेवढे इंग्रजी करून अंक तसेच ठेवले, तर अमेरिकी वाचक ४ मार्च वाचतो. संकेतस्थळावरील मजकूर रोज बदलू शकतो. जुनी प्रत शोधायची तर तारीख हाच एक धागा हाती असतो. भाषांतर करणाऱ्याने तोच तोडलेला असतो.

तिसरी चूक उलट्या दिशेची आहे: ज्याचे भाषांतर करू नये त्याचे करणे. सत्येंद्रनाथ बोस यांनी ४ जून १९२४ रोजी ढाक्याहून आइन्स्टाइनला पत्र लिहून आपला इंग्रजी लेख पाठवला. आइन्स्टाइनने स्वतः त्याचे जर्मन भाषांतर केले आणि तो त्याच वर्षी ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिझिक’च्या २६व्या खंडात, पृष्ठ १७८ पासून, जर्मन शीर्षकाने छापला गेला. आज हा लेख इंग्रजी शीर्षकाने आणि तरीही जर्मन खंडपृष्ठांसह उद्धृत केलेला सर्रास आढळतो. १९२४ च्या त्या पानावर इंग्रजी शीर्षकाचा लेखच नाही. इंग्रजी रूप हवे असेल, तर १९७६ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिझिक्स’ने छापलेल्या भाषांतराचा वेगळा दाखला द्यावा. दोहोंची सरमिसळ केल्याने अस्तित्वात नसलेला कागद निर्माण होतो, आणि आपल्या विज्ञानेतिहासातील एक लखलखीत घटना, म्हणजे ढाक्याचा इंग्रजी लेख बर्लिनमध्ये जर्मन झाला ही गोष्ट, दाखल्यातून पुसली जाते.

नियम अवघड नाही. दाखल्यात दोन प्रकारचे शब्द असतात. ‘पाहिल्याचा दिनांक’, ‘संपादक’, ‘आवृत्ती’, ‘प्रकाशनवर्ष नाही’ हे शब्द दाखला देणाऱ्याचे. सूची ज्या भाषेत, त्या भाषेत ते यावेत. शीर्षक, बोधांक, मालिकेचे नाव हे शब्द दस्तऐवजाचे. ते जसेच्या तसे राहावेत, आणि वाचकाच्या सोयीसाठी अर्थ कंसात द्यावा. मराठी अभ्यासकाला हे पटायला जर्मनीपर्यंत जावे लागत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर रुमालांत बांधलेले आहे आणि दाखलाही रुमालाच्या क्रमांकाने दिला जातो. उद्या एखाद्या परदेशी विद्वानाने त्याचे ‘हातरुमाल क्रमांक अमुक’ असे भाषांतर केले, तर इथला प्रत्येक इतिहासाभ्यासक खवळून उठेल. तोच न्याय हालेच्या दप्तराला का नको?

यावर काही आक्षेप ठरलेले आहेत. दुवा दिला की पुरे, शब्द कोण वाचतो? दुवे मरतात, मेल्यावर शब्दच उरतात. संगणक हे काम आपोआप करतो? बिबलाटेकसारखी प्रणाली ‘बेझुख्ट आम’ आणि त्याचे इंग्रजी रूप नोंदीच्या भाषेनुसार किंवा प्रबंधाच्या भाषेनुसार छापू शकते, पण कोणते हवे हे तिला सांगावे लागते. आणि हाताने भरलेल्या रकान्यातील ‘श्टांड’चा अर्थ ती लावत नाही. मग सगळेच जर्मन ठेवले तर? ते विद्वत्तेचे सोंग होईल. ज्या शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्याला सांगता येत नाही, तो त्याच्या प्रबंधात शोभेसाठी असू नये.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. स्वल्पविराम कुठे आणि तिरपा टाइप कुठे, यावर प्रबंध परत पाठवणारे परीक्षक दाखल्याचा अर्थ तपासत नाहीत. मोडी वाचणारा, जर्मन जाणणारा माणूस विभागात असावा, असे विज्ञानाच्या संस्थांना वाटत नाही. नियतकालिकांवर हजारो कोटी खर्च करणाऱ्या देशाने दाखला वाचण्याचे आणि लिहिण्याचे शिक्षण संशोधनाच्या पहिल्या सत्रातच द्यावे. खर्च नगण्य आहे. तोवर प्रत्येक संशोधकाने प्रबंध सादर करण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी: आपल्या सूचीतील कोणतीही एक परभाषी नोंद अनोळखी माणसाच्या हाती द्यावी आणि तो मूळ कागदापर्यंत पोहोचतो का, ते पाहावे. न पोहोचल्यास चूक त्या माणसाची नसते.