दुसरी किल्ली कोणाच्या हाती?



सल्ला केंद्रावर आलेल्या एका बाईची ही हकीकत. घर सोडताना तिने आठवणीने ईमेलचा पासवर्ड बदलला. तरी दोन दिवसांत खाते तिच्या हातून गेले. पासवर्ड विसरल्यास कोड ज्या फोनवर जायचा, तो नंबर नवऱ्याचा होता. खाते उघडून देताना त्यानेच तो भरला होता. त्याने 'पासवर्ड विसरलात?' या ओळीवर बोट ठेवले, कोड मिळवला आणि वकिलाशी झालेला तिचा सारा पत्रव्यवहार वाचला. कुलूप तिने बदलले होते, पण दुसरी किल्ली त्याच्याकडेच राहिली होती.

'आपले पुनर्प्राप्ती तपशील अद्ययावत करा' अशा धाटणीची सूचना तिच्या पडद्यावर अनेकदा आली होती. दर वेळी तिने 'नंतर' दाबले. यात तिचा निष्काळजीपणा शोधणे सोपे आहे. पण 'पुनर्प्राप्ती' म्हणजे काय, हे किती जणींना कळते? त्याऐवजी असे विचारले असते तर: 'पासवर्ड विसरलात तर ४२ ने संपणाऱ्या नंबरावर कोड जाईल. तो फोन तुमच्याच हाती असतो का?' तिने उत्तर दिले असते. पहिली ओळ हुकूम सोडते. दुसरी बाईला तिच्याच परिस्थितीकडे पाहायला लावते.

सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे परका चोर असतो. नंबर बदलला की जुन्या नंबरावर किंवा ईमेलवर बहुधा खबर जाते, तीही चोर पकडला जावा म्हणून. पण छळ करणारा घरातच असेल, तर हीच खबर त्याला सावध करते. 'या बदलाची सूचना जुन्या नंबरावर जाईल' हे बटण दाबण्याआधी ठळक सांगायला हवे. 'नंतर' म्हणणाऱ्या बाईला भीती घालू नये. तिला तिची कारणे असतात.

हे अशक्य नाही. जोडीदाराकडून छळ होणाऱ्यांचा विचार करून ॲपलने २०२२ मध्ये आयफोनवर 'सेफ्टी चेक' ही सोय आणली. आपल्या बहुतेक जणींच्या हाती आयफोन नसतो. साध्या फोनवरच्या मराठीतही तेवढाच विचार दिसला पाहिजे.

स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड ही परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळीची जुनी मागणी. कार्ड नवऱ्याच्या नावावर असले की घराबाहेर पडलेली बाई सरकारदरबारी उरतच नसे. आज बँक, ईमेल, सरकारी योजना, सगळ्यांची वाट एका मोबाइल नंबरावरून जाते. तो नंबर दुसऱ्याचा असेल, तर नाव आपले असूनही खाते आपले नसते.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपला फोन उघडावा. खाते परत मिळवण्यासाठी कोणाचा नंबर, कोणाचा ईमेल दिला आहे, ते मोठ्याने वाचावे. स्वतःचा वेगळा नंबर नसेल, तर विश्वासातल्या मैत्रिणीचा ईमेल देता येतो. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावावा आणि त्यासोबतचा ईमेलही आपलाच असल्याची खात्री करावी. मात्र जी अजून त्याच घरात राहते, तिने काहीही बदलण्याआधी केंद्रावर येऊन बोलावे.

आणि ज्या मराठी मुली आज या कंपन्यांत बसून अशा ओळी लिहितात, त्यांना आमचे सांगणे: लिहिताना या बाईला समोर बसवा.

— संपादक मंडळ