पुढच्यास ठेच, पण मागचा शहाणा केव्हा?

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण मुलांना प्राथमिक शाळेतच शिकवितो. परंतु पाण्याच्या अपघाताला ती लागू पडत नाही. तेथे पुढचा घसरतो आणि त्याला वाचविण्यासाठी मागचाही उडी घेतो. शहाणे व्हावयास कोणी उरतच नाही. निफाड तालुक्यातील सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावांनी याचा गंभीरपणे विचार करावा, अशी वेळ आली आहे.

सायखेड्याला पाणी नवे नाही. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टमधील गोदावरीचे महापूर सायखेडा-चांदोरीकर विसरलेले नाहीत. पुराची निदान पूर्वसूचना मिळते. गंगापूर धरणातून पाणी सुटले की काठावरचा माणूस सावध होतो. शांत पाण्याची दवंडी मात्र कोणी पिटीत नाही. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली आली. तिच्यामुळे व अशाच अन्य योजनांमुळे शेतीला मोठा आधार मिळाला, हे कोण नाकारील? परंतु तळ्याचे प्लास्टिकचे अस्तर ओले होऊन त्यावर शेवाळ धरले की उतारावर पाय ठरत नाही आणि हाताला धरावयास काही सापडत नाही. तेथे पोहणाऱ्यालाही काठ गाठून वर येता येत नाही. मग आठ वर्षांच्या पोराची काय कथा!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली. त्यांत दहांपैकी चारांहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. हा आकडा वाचून 'पोरे हूड झाली' असे म्हणणे सोपे आहे. पण धाडस हा बालवयाचा धर्म आहे, दोष नव्हे. त्या धाडसाला ज्ञानाची जोड न देणे, हा दोष वडीलधाऱ्यांचा आहे.

'पाण्याकडे जाऊ नकोस' ही आज्ञा झाली, शिक्षण नव्हे. आज्ञा मोडली जाते. समजलेले कारण मनात राहते. अस्तरावरून पाय का सुटतो, हे गुरुजींनी वर्गात ओल्या प्लास्टिकचा तुकडा दाखवून समजावून द्यावे. सोबती बुडत असेल तर उडी घेऊ नये. मोठ्याने हाका माराव्यात, दोर, काठी किंवा रिकामा डबा फेकावा आणि मोठ्यांना बोलवावे, हे मुलांकडून पुन्हा पुन्हा करवून घ्यावे. वडीलधाऱ्यांनीही एक गोष्ट शिकावी. बाहेर काढलेल्याचे पोट दाबण्यात वा त्याला उलटे धरण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

परंतु सारा भार मुलांच्या शहाणपणावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. प्रत्येक शेततळ्याला कुंपण आणि काठावरून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर असलाच पाहिजे. ग्रामपंचायतीने शिवारातील तळ्यांची पाहणी करावी आणि उघड्या तळ्याच्या मालकाला स्पष्ट शब्दांत समज द्यावी. ज्या शेतकऱ्याने तळे खोदण्यास एवढा खर्च केला, त्याला दोराचा खर्च जड जाईल, असे आम्हांस वाटत नाही. ठेच लागण्यापूर्वीच शहाणे होणे हेच खरे शहाणपण, आणि ते आधी मोठ्यांनी दाखवावयाचे आहे.