अर्ध्या तासाच्या अंतरावरचा कवी



आधी कबुली. ज्याच्यावर हे संपादकीय लिहितोय तो जिवंत होता तोवर आम्ही त्याच्यावर एक ओळ खरडली नाही. धर्मेश परमार. रॅपवाल्यांच्या दुनियेत एमसी तोडफोड. नायगावच्या बीडीडी चाळीतला पोरगा. मार्च २०२२ मध्ये गेला तेव्हा वय चोवीस.

मी शिवडीच्या बीडीडीतला. शिवडीहून नायगाव पायी अर्धा तास, बसचे पैसेही लागत नाहीत. तरी मी त्याला कधी पाह्यलं नाही. त्या साली वीस मार्चला आम्ही महाडला, चवदार तळ्यावर होतो. घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या आणि पाळी चुकू नये म्हणून रातोरात परतलो. एकदोन दिवसांनी गोदीत जेवणाच्या सुट्टीत टोळीतल्या एका पोरानं मोबाइल माझ्यापुढं धरला. म्हणाला, "हा गेला राव." मी म्हणालो, "कोण हा?" डब्याचं झाकण लावता लावता त्यानं माझ्याकडं पाह्यलं. "तू कवी ना रे? मग तुला म्हाईत नाय?"

तो टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागला.

संध्याकाळी बघतो तर रणवीर सिंगनं त्याचा फोटो टाकलेला. सिनेमावाल्यांना माहीत, गोदीतल्या बिगारी पोराला माहीत, आणि माहीत नाही कोणाला? तर विद्रोही साहित्याचा मक्ता घेतलेल्या आम्हाला. प्रस्थापितांनी आपली दखल घेतली नाही म्हणून आपण पन्नास वर्षं बोंबलतोय. १९६९ साली राजा ढाल्यांनी 'सत्यकथा' जाळली ती याच रागानं. आणि आपल्या शेजारच्या चाळीतून एक पोरगा माईक हातात घेऊन उठला तेव्हा आपण काय केलं? कानात बोळे घातले. च्यायला, गिरगावच्या खटाववाडीला शिव्या देता देता आपलीच एक खटाववाडी झाली की!

या संपादकीयाचं ठरलं तेव्हा आमच्यातलेच एक ज्येष्ठ म्हणाले, रॅप म्हणजे अमेरिकेचं उष्टं, आपल्या मातीतलं नव्हे. दादांचा मान राखून विचारतो, पँथर कुठल्या मातीतली? १९६६ साली ओकलंडच्या काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर काढली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. नाव उचललं, पण त्या नावानं जी डरकाळी फोडली ती कामाठीपुऱ्याची, वरळीची, नायगावची होती. आणि रॅप जन्मलं कधी? ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका भाड्याच्या इमारतीत. जमैकातून आलेल्या कूल हर्क नावाच्या पोरानं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिकीट लावून पार्टी. त्या ब्राँक्सच्या वस्त्या उभ्या चिरून मोठा रस्ता नेला होता आणि घरं ओस पडत होती. पाच महिन्यांनी, जानेवारी १९७४ मध्ये, इथं वरळीची दंगल पेटली आणि परळला मोर्च्यावरच्या दगडफेकीत भागवत जाधव गेला. ही दोन कॅलेंडरं शेजारी टांगून बघा. तूपाक शकूर, अमेरिकेतला एवढा गाजलेला रॅपर, त्याची आई अफेनी ब्लॅक पँथरची कार्यकर्ती. १९७१ मध्ये ती खटल्यातून निर्दोष सुटली आणि महिन्याभरात तो जन्मला. पंचविसाव्या वर्षी गोळ्या घालून मारला. उष्टं म्हणायचंच असेल तर एका ताटातलं म्हणा.

आता तोडफोडबद्दल.

बीडीडीची खोली म्हणजे १६० चौरस फूट. १९२०च्या दशकात इंग्रज सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेली. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा पॅसेज, संडास सामाईक. मी तिथंच वाढलो म्हणून सांगतो, त्या पॅसेजमध्ये माणसाच्या कानाला विश्रांती नसते. कोणाचं भांडण, कोणाची आरती, कोणाचं भीमगीत, कोणाच्या मयताचं रडणं, सगळं एका ठेक्यात मिसळून येतं. त्यात मराठी, गुजराती, तेलुगू, हिंदी. नायगावच्या पोरानं पुढं रॅप केलं ते गुजरातीत. दादर-नायगावात राहून गुजरातीत! मराठीचा झेंडा खांद्यावर घेणाऱ्यांना हे खुपेल, खुपू द्या. गुजराती म्हणजे शेठजीची भाषा हे आपल्याला कोणी शिकवलं? या शहराची गटारं उपसणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या किती घरांत ती चुलीपुढं बोलली जाते हे बघायला लालबाग-परळच्या सफाई कामगारांच्या वसाहतीत जावं लागतं. मीही गेलो नव्हतो.

तो आणि एमसी मवाली, दोघं 'स्वदेसी' या टोळीतले. नावं बघा. मवाली, तोडफोड. पोलीस चौकीत आपल्या पोरांना ज्या शब्दांनी हाका मारतात तेच शब्द यांनी छातीवर लावले. दलित हा शब्दही आपण असाच उलटा करून घेतला होता ना?

आणि हे काही नुसतं तोंडाला येईल ते बडबडणं नव्हतं. विवेक राजगोपालन या मृदंगवादकाबरोबर हे दोघं बसले, कर्नाटक संगीतातली कोन्नक्कोलची बोलगणितं जिभेवर घोटली, आणि त्यातून 'ता धोम' नावाचं काम उभं राहिलं. ज्या विद्येच्या दारात आपल्या बापजाद्यांना चप्पल काढायलाही उभं केलं नसतं ती विद्या चाळीतला पोरगा शिकला आणि तिच्यावर आपली भाषा चढवली. मुक्तछंद म्हणजे रियाजाला सुट्टी असं समजणाऱ्या आपल्या कवींनी (मी त्यात पहिला) हे जरा मनावर घ्यावं.

२०१९ साली दोन गोष्टी झाल्या. 'गली बॉय' आला, त्यात 'इंडिया ९१' या गाण्यात अनेक भाषांचे रॅपर, तोडफोड त्यांत गुजरातीतून. आणि त्याच साली स्वदेसीनं 'द वारली रिव्होल्ट' काढलं, आरे जंगलातल्या केलटीपाड्याचे वारली कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन. आरेत मेट्रोच्या कारशेडचं घाटत होतं. ४ ऑक्टोबरच्या रात्री करवती चालल्या, दोन हजारांवर झाडं पडली, सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली तेव्हा उशीर झाला होता. हे गाणं त्याच्या आधीचं आहे. आपण निवेदनाचा मसुदा करत होतो तेव्हा ही पोरं गाणं करून मोकळी झाली होती.

'गली बॉय'ला तेरा फिल्मफेअर मिळाली. डिव्हाइन आणि नेझी या दोघांच्या जगण्यावरून तो बेतला. सिनेमा म्हणून मला आवडला, खोटं कशाला बोलू. पण त्याची गोष्ट अशी की एक हुशार पोरगा वस्तीतून वर जातो आणि वस्ती टाळ्या वाजवते. बाजाराला ही गोष्ट फार आवडते. एकजण वर गेला की बाकीच्यांचं खाली राहणं त्यांच्या नालायकीत जमा होतं. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला, तेव्हाही चर्चा झाली ती त्याच्या गळ्यातल्या साखळ्यांची. त्या पोराबद्दल माझी तक्रार नाही. भुकेल्यानं आधी खावं. तोडफोडच्या गाण्यात मात्र वर जायची शिडीच सापडत नाही. तो टोळीनं गायला, आदिवासी गायकाला शेजारी घेऊन गायला, आणि त्याची अंत्ययात्राही नायगावच्या चाळीतूनच निघाली.

सगळं रॅप असं नसतं. निम्मं तर 'मी किती भारी' आणि आयाबहिणींवरून शिव्या. ऐकून विट येतो. पण आपली सत्तरीतली कविता त्या बाबतीत कुठं धुतल्या तांदळाची होती? तिथं बायांच्या बोलण्याला जागा कमी होती, इथंही कमी आहे. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे, माही जी या नावानं, ती जागा स्वतः करून घेते आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडीत रॅप करतो, तिथलाच विपिन तातड जातीवर थेट बोलतो. यांच्यावर आपण अजून लिहिलेलं नाही. निदान जिवंत आहेत तोवर लिहूया.

माझ्याच चाळीची एक गोष्ट. वामनदादा कर्डक सिन्नरकडून मुंबईला आले, गिरणीत राबले, शिवडीच्या बीडीडीत राह्यले. कोणीतरी त्यांच्याकडं पत्र वाचायला दिलं, त्यांना वाचता येईना, रडू फुटलं. मग देहलवी मास्तरांकडून अक्षरं गिरवली. त्या माणसानं पुढं हजारो गाणी लिहिली, आणि पंडितांनी त्याला कवी म्हणायला किती वर्षं घेतली हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी केलं तेच आपण नायगावच्या पोराशी केलं. फरक एवढाच की वामनदादा ब्याऐंशीच्या घरात जाऊन गेले. याला चोवीसच मिळाली.

आता नायगावची चाळ पाडून टॉवर उभे राहताहेत. १४ ऑगस्ट २०२५ला वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. पाचशे चौरस फूट, आत संडास. मिळालंच पाहिजे, शंभर वर्षांनी मिळतंय. शिवडीची जमीन पोर्टाची, म्हणून आम्ही अजून लटकलेलोच. ज्यांना सामाईक संडासाचा काव्यमय उमाळा येतो त्यांनी आठवडाभर माझ्याकडं राहायला यावं. पण लिफ्टचं दार बंद झालं की शेजारच्याचा ठेका ऐकू येणार नाही, आणि जिन्याखाली जमून बोंबलणाऱ्या पोरांना वॉचमन हाकलणार. म्हणून पोरांना जमायला जागा मागितली पाहिजे, घराच्या चाव्यांइतकीच जोरानं. सोसायटीच्या कागदावर तसं कलम घाला म्हणून नायगावच्या मित्रांना मी सांगून आलोय. तेव्हाच पहिल्यांदा त्याच्या चाळीपाशी उभा राह्यलो.

पुढचा अंक रॅपचा. मराठी, गुजराती, हिंदी, तेलुगू, कुठलीही बोली चालेल. टाइप नको, शुद्धलेखन नको. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून पाठवा, आम्ही ऐकून उतरवून घेऊ. पाळी सुटल्यावर रविवारी संध्याकाळी मी शिवडी नाक्यावरच्या चहावाल्याकडं असतो. तिथं येऊन तोंडी ऐकवलंत तरी चालेल.

जय भीम.