विश्लेषण : आकडे जॅक्सनचे, किताब ॲलनचा! अमेरिकी फुटबॉलमधला ‘सर्वोत्तम कोण’ हा वाद मिटत का नाही?

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग अर्थात ‘एनएफएल’चा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि फेब्रुवारीत संपतो. चाहत्यांचा वाद मात्र बारा महिने चालतो. अमुक क्वार्टरबॅक यंदा खरेच चांगला खेळला की त्याच्या भोवतालचा संघ चांगला होता, हा त्या वादाचा गाभा. २०२४ च्या हंगामात बफेलो बिल्सचा जॉश ॲलन आणि बाल्टिमोर रेव्हन्सचा लमार जॅक्सन यांच्यावरून हा वाद इतका रंगला, की निकाल लागल्यावरही दोन्ही बाजूंचे चाहते आपलेच खरे म्हणत राहिले. गंमत म्हणजे दोघांकडेही पुरावा होता.

नेमके काय घडले?

६ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लीन्स येथे झालेल्या सोहळ्यात ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ अर्थात ‘एमव्हीपी’ पुरस्कार ॲलनला जाहीर झाला. ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेने निवडलेले ५० क्रीडा पत्रकार आणि समालोचक या पुरस्कारासाठी मतदान करतात. प्रत्येक जण पसंतीक्रमाने पाच नावे देतो आणि त्याला १०, ५, ३, २, १ असे गुण मिळतात. ॲलनला पहिल्या पसंतीची २७ मते मिळाली, जॅक्सनला २३. एकूण गुण ३८३ विरुद्ध ३६२.

इथवर चुरशीच्या निवडणुकीसारखेच. पण हेच ५० मतदार प्रत्येक जागेसाठी सर्वोत्तम खेळाडू निवडून ‘ऑल-प्रो’ संघही तयार करतात. त्यात क्वार्टरबॅक म्हणून जॅक्सनला पहिल्या पसंतीची ३० मते पडली आणि ॲलनला १८. म्हणजे त्याच माणसांच्या मते हंगामातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक जॅक्सन, पण सर्वांत मौल्यवान खेळाडू दुसराच क्वार्टरबॅक! बाल्टिमोरचे चाहते चिडले नसते तरच नवल.

आकडे कोणाच्या बाजूने होते?

निर्विवादपणे जॅक्सनच्या. त्याने पासद्वारे ४,१७२ यार्ड मिळवले, ४१ टचडाऊन पास दिले आणि त्याचे फक्त चार पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले. वर स्वतः धावून ९१५ यार्ड काढले. एकाच हंगामात चार हजारांहून अधिक यार्डांचे पास आणि नऊशेहून अधिक यार्डांची धाव, असे त्याच्याआधी कोणीही केले नव्हते. ॲलनचे पासचे यार्ड ३,७३१, टचडाऊन पास २८ आणि पळवलेले पास सहा. धावून त्याने ५३१ यार्ड मिळवले. त्याची एक बाजू जड होती ती म्हणजे स्वतः धावत जाऊन केलेले १२ टचडाऊन. जॅक्सनचे असे चारच होते.

शिवाय दोघे समोरासमोर आले तेव्हा, २९ सप्टेंबर २०२४ रोजी, रेव्हन्सने बिल्सला ३५-१० असे लोळवले होते. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर धावा जास्त, सरासरी जास्त आणि थेट लढतीत विजयही. तरीही मालिकावीर दुसराच.

मग ॲलनचे पारडे जड का झाले?

बफेलोच्या चाहत्यांचा युक्तिवाद आकड्यांचा नव्हता, परिस्थितीचा होता. हंगामाआधी बिल्सने आपला प्रमुख रिसिव्हर स्टेफॉन डिग्स ह्यूस्टनला देऊन टाकला. हा संघ यंदा घसरणार, असे अनेक जाणकार सांगत होते. तो १७ पैकी १३ सामने जिंकला. रेव्हन्सने १२ जिंकले, पण त्यांच्याकडे डेरिक हेन्री होता आणि त्याने एकट्याने १,९२१ यार्डांची धाव काढली. प्रतिस्पर्ध्यांनी हेन्रीला अडवायला माणसे पुढे आणायची आणि जॅक्सनने त्यांच्या डोक्यावरून पास टाकायचा, असे ते समीकरण. ‘ॲलनला असा सोबती द्या, मग बघा,’ हे बफेलोचे म्हणणे.

यात तथ्य आहे, पण अर्धेच. कारण ॲलनसमोरची संरक्षक फळी त्या वर्षी लीगमधली सर्वांत भक्कम होती. चेंडू हातात असताना क्वार्टरबॅक जमिनीवर पाडला जाण्याचे प्रसंग बिल्सवर अख्ख्या हंगामात १४ वेळाच आले. सोबती नव्हते म्हणणाऱ्यांनी हे पाच धिप्पाड सोबती मोजलेच नाहीत.

मतदारांच्या मनावर डिसेंबरने अधिक परिणाम केला असावा. लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध ॲलनने तीन टचडाऊन पास दिले आणि तीन टचडाऊन स्वतः धावून केले. नियमित हंगामातील एका सामन्यात असे करणारा तो पहिलाच. तो सामना बिल्स ४४-४२ असा हरले, हा भाग वेगळा. पुढच्याच आठवड्यात सलग ११ विजय मिळवून बसलेल्या डेट्रॉइट लायन्सला त्यांच्याच मैदानावर ४८-४२ असे हरवले. हंगामाच्या शेवटी पाहिलेले जास्त लक्षात राहते, मतदारही माणसेच.

आणखी एक गोष्ट उघडपणे कोणी कबूल करत नाही. जॅक्सनकडे २०१९ आणि २०२३ असे दोन किताब आधीच होते. २०१९ मध्ये त्याला ५० पैकी ५० मते होती, २०२३ मध्ये ४९. उरलेले ते एक मत ॲलनला पडले होते! तिसऱ्यांदा त्याच माणसाला मत देताना हात आखडतो, असा बाल्टिमोरचा आरोप आहे आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. त्याला जुनी सलही आहे. दोघेही २०१८ च्या खेळाडू निवडीतले. ॲलन सातवा निवडला गेला, जॅक्सन ३२ वा. महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च पुरस्कार जिंकूनही ‘याने क्वार्टरबॅकचा नाद सोडून रिसिव्हर व्हावे’ असे जॅक्सनबद्दल तेव्हा जाहीरपणे बोलले गेले होते. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकच्या बुद्धीपेक्षा पायांचेच कौतुक करण्याची सवय त्या खेळात दीर्घकाळ होती. म्हणून जॅक्सनच्या कामगिरीची चर्चा नुसत्या आकड्यांवर थांबत नाही.

‘मौल्यवान’ म्हणजे नेमके काय?

याचे उत्तर ‘असोसिएटेड प्रेस’ देत नाही. मतदान नियमित हंगामापुरते असते आणि प्ले-ऑफ सुरू होण्याआधी मते द्यायची असतात. बाकी निकष मतदाराने आपला आपण ठरवायचा. ‘सर्वोत्तम’ आणि ‘मौल्यवान’ हे दोन शब्द एक नाहीत, हे मान्य केले की ॲलनला किताब आणि जॅक्सनला ऑल-प्रो हा निकाल विसंगत राहत नाही. पण मग सिनसिनाटी बेंगल्सच्या जो बरोचे काय? त्याने ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाऊन पास अशी दोघांहून मोठी मजल मारली. त्याच्या संघाचा बचाव मात्र इतका ढिसाळ होता, की नऊ विजय मिळवूनही प्ले-ऑफ हुकली आणि तो मतदानात चौथा राहिला. बुडत्या नावेला एकट्याने वल्हवणारा कमी मौल्यवान कसा, या प्रश्नावर बफेलोचे चाहतेही गप्प होतात. परिस्थितीचा युक्तिवाद त्यांनी आपल्या खेळाडूपुरताच वापरलेला असतो.

इतर खेळाडूंचे काय?

खरे तर इथे या वादाची मोठी उणीव आहे. २०१२ मध्ये ॲड्रियन पीटरसनला किताब मिळाला, त्यानंतर २०२४ पर्यंत प्रत्येक वेळी तो क्वार्टरबॅककडेच गेला. बचावफळीतल्या खेळाडूंना तो आजवर दोनदाच मिळाला, १९७१ मध्ये ॲलन पेज आणि १९८६ मध्ये लॉरेन्स टेलर यांना. एका संघाच्या ताफ्यात ५३ खेळाडू असतात, मैदानात एका वेळी ११ उतरतात आणि ‘मौल्यवान’ ठरतो तो एकाच जागेवरचा माणूस.

फिलाडेल्फिया ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीने २०२४ मध्ये २,००५ यार्डांची धाव काढली. दोन हजारांचा टप्पा गाठणारा तो नववा. एरिक डिकरसनचा १९८४ मधला २,१०५ यार्डांचा विक्रम १०० यार्डांवर असताना प्रशिक्षकांनी त्याला अखेरच्या सामन्यात विश्रांती दिली, कारण संघाचे प्ले-ऑफमधील स्थान पक्के झाले होते. विक्रम की ताजे पाय, यावर फिलाडेल्फियात आठवडाभर खडाजंगी झाली. ईगल्सने ९ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ असे हरवून सुपर बोल जिंकला, तेव्हा ती विझली. एमव्हीपीच्या मतदानात बार्कली तिसरा होता.

बार्कलीच्या वादात माणसाच्या मोलाचा प्रश्न रोकडा होता. रनिंग बॅक लवकर झिजतो, त्याच्यावर पैसे घालू नयेत, असा हिशेब लीगमध्ये रूढ झाला होता. न्यूयॉर्क जायंट्सने त्याला २०२४ मध्ये जाऊ दिले ते याच हिशेबाने. वर्षभरात ईगल्सने त्याच्याशी नवा करार केला, दोन वर्षांसाठी ४ कोटी १२ लाख डॉलरचा. वर्षाला दोन कोटी डॉलरची सरासरी गाठणारा तो पहिला रनिंग बॅक. आपल्याच संघाने सोडलेला खेळाडू शेजारी जाऊन सोन्याचा होताना पाहणारे जायंट्सचे चाहते काय बोलले असतील, ते सांगायला नको.

पण बार्कलीसाठी वाट मोकळी करणारे पाच जण? त्यांच्यातला जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी खेळायचा. २०१८ मध्ये ईगल्सने निवडले तोवर तो अमेरिकी फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. अशा लाइनमनच्या नावापुढे ना यार्ड लागतात, ना टचडाऊन. कबड्डीत साखळी करून चढाईपटूला रोखावे आणि पकड एकाच्याच नावावर लागावी, तसेच हे. चाहता आकड्यांवर भांडतो, म्हणून ज्याला आकडा नाही तो वादातच येत नाही.

नवे मापदंड वाद मिटवतात का?

‘पासर रेटिंग’ हे जुने माप १९७३ पासून वापरात आहे. पूर्ण झालेल्या पासचे प्रमाण, प्रति पास यार्ड, टचडाऊन आणि पळवलेले पास या चार गोष्टींवरून ते काढतात. कमाल गुण १५८.३, असा विचित्र आकडा. २०२४ मध्ये ११९.६ गुणांसह जॅक्सन अव्वल होता. मात्र या मापात क्वार्टरबॅकची धाव धरलीच जात नाही. म्हणजे जॅक्सन आणि ॲलन यांना वेगळे ठरवणारी गोष्टच गायब!

त्यानंतर ‘अपेक्षित गुण’ ही कल्पना आली. चौथ्या प्रयत्नाआधी आठ यार्ड हवे असताना नऊ मिळवले तर संघाची गुण मिळवण्याची शक्यता बरीच वाढते. वीस हवे असताना मिळवलेले तेच नऊ यार्ड फारसे उपयोगाचे नसतात. प्रत्येक चालीने ही शक्यता किती बदलली, ते मोजायचे. हे माप अधिक शहाणे आहे. पण चेंडू सुरेख टाकला आणि रिसिव्हरच्या हातून सुटला, तर दोष कुणाचा, हे तेही सांगत नाही. त्यासाठी चित्रफीत पाहून प्रत्येक खेळाडूला प्रत्येक चालीचे गुण देणाऱ्या कंपन्या निघाल्या. तिथे अडचण अशी, की संघाने त्या चालीत कोणाला काय काम दिले होते, हे गुण देणाऱ्याला ठाऊक नसते. मापे वाढली तसे दोन्ही बाजूंना आपापले माप निवडण्याची सोय झाली, इतकेच.

पैशाने वादाचा सूर बदलला?

बदलला, आणि चांगल्या दिशेने नाही. फँटसी फुटबॉलमध्ये चाहता निरनिराळ्या संघांतले खेळाडू घेऊन आपला संघ बनवतो. त्याच्या प्रचलित पद्धतीत टचडाऊन पासला चार गुण मिळतात आणि धावून केलेल्या टचडाऊनला सहा. साहजिकच चाहता सामना बघता बघता आपला हिशेब बघू लागतो. संघ जिंकला तरी ‘माझ्या’ रिसिव्हरला चेंडू का दिला नाही, म्हणून चिडतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याला असलेला देशव्यापी अडसर दूर केला. त्यानंतर बहुतेक राज्यांत तो कायदेशीर झाला. आता अमुक खेळाडू आज ६० यार्ड गाठेल की नाही, यावरही पैसे लागतात. पैज हरलेल्याला खेळाडूची कामगिरी वाईट वाटत नाही, तो खेळाडूच गुन्हेगार वाटतो. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली. अमेरिकेची वाट नेमकी उलटी आहे.

चाहते कुठवर जातात?

१९ जानेवारी २०२५ रोजी प्ले-ऑफमध्ये बिल्स आणि रेव्हन्स पुन्हा भिडले. एमव्हीपीची मते तेव्हा देऊन झाली होती. शेवटच्या दोन मिनिटांत जॅक्सनने टचडाऊन पास देऊन अंतर दोन गुणांवर आणले आणि बरोबरीसाठी चेंडू मार्क अँड्र्यूजकडे टाकला. तो त्याच्या हातून सुटला. बिल्स २७-२५ असे जिंकले. अँड्र्यूजवर समाजमाध्यमांतून शिव्यांचा भडिमार झाला. तेव्हा बफेलोच्याच चाहत्यांनी वर्गणी सुरू केली. अँड्र्यूजला लहानपणापासून टाइप-१ मधुमेह आहे, म्हणून त्या आजारावर काम करणाऱ्या संस्थेसाठी त्यांनी एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली. २०२१ च्या प्ले-ऑफमध्ये डोक्याला मार लागून जॅक्सन बाहेर पडला, तेव्हाही याच चाहत्यांनी त्याच्या आवडत्या सेवाभावी संस्थेला भरभरून देणग्या दिल्या होत्या.

त्याच बफेलोत ७ सप्टेंबर २०२५ रोजी, नव्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, टचडाऊनचा आनंद साजरा करत कठड्याजवळ आलेल्या जॅक्सनच्या हेल्मेटवर एका प्रेक्षकाने चापट मारली. जॅक्सनने त्याला ढकलले. त्या प्रेक्षकाला अनिश्चित काळासाठी मैदानबंदी झाली. सामना बिल्सने ४१-४० असा जिंकला, अखेरच्या सत्रात १५ गुणांनी मागे असताना. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाल्टिमोरमध्ये पुन्हा तोच प्रश्न होता : ४० गुण करूनही संघ हरतो, यात जॅक्सनचा दोष किती?