टपालाचा उशीर, व्याजाची घाई

उधारीच्या व्यवहारात तारीख ही तारीखच असते, हे निपाणीच्या तंबाखूपेठेला किंवा बेळगावच्या गणपत गल्लीतील व्यापाऱ्याला आम्ही सांगावयास नको. या पेठा उधारीवरच वाढल्या. त्यांनी मुदत पाळण्याची शिस्त अंगी बाणवली आणि मुदत चुकली तर व्याजही मोजले. परंतु त्या जुन्या व्यवहारात थोडी सबुरीही होती. १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टने मुदतीच्या वचनचिठ्ठीला आणि बिलाला ठरल्या तारखेवर तीन दिवसांची सवलत दिली. ती परकीय सरकारची होती, सावकार व व्यापारी यांच्या वहिवाटीतून आलेली होती, आणि ती दिल्यामुळे कोणाची पेढी बुडाल्याचे ऐकिवात नाही. आज खिशातल्या क्रेडिट कार्डाने उधारी सर्वांच्या दारात आणली आहे. सबुरी मात्र त्या कार्डासोबत आलेली नाही, आणि तिचा अभाव सर्वांत अधिक जाचतो तो ज्यांचा पैसा अजून लिफाफ्यातून प्रवास करतो त्यांना.

असे लोक आता उरले आहेत काय, असा प्रश्न शहरी वाचक विचारील. उरले आहेत. सीमाभागातील मुले पुण्यास, बंगळूरला, गोव्यात नोकरीला आहेत. घरी आई-वडील आहेत. निवृत्तिवेतन ज्या बँकेत जमा होते तिने आग्रहाने गळ्यात घातलेले कार्ड त्यांच्यापाशी आहे. मोबाईलवरून पैसे पाठवताना फसवणूक झाल्याच्या बातम्या वाचून ते धास्तावलेले आहेत. आयुष्यभर विम्याचा हप्ता ज्या रीतीने भरला त्याच रीतीने ते कार्डाचे बिलही भरतात: चेक लिहावा, मागे कार्डाचा क्रमांक घालावा, आणि तो टपालाने रवाना करावा किंवा बँकेच्या पेटीत टाकावा. ही रीत बँकांनीच आपल्या बिलाच्या कागदावर छापून मान्य केलेली आहे. यात बेकायदा किंवा मागासलेले असे काय आहे?

आता समजा, निपाणीच्या एका निवृत्त शिक्षकाने ५ जूनला घरातल्या दुरुस्तीसाठी कार्डावर २०,००० रुपयांची खरेदी केली. २० जूनला बिल निघाले. भरण्याची शेवटची तारीख १० जुलै. गुरुजींनी ६ जुलैला चेक टपालात टाकला. मध्ये रविवार आला, मग पावसाने गाडी चुकली, आणि रक्कम खात्यात जमा झाली १६ जुलैला. उशीर सहा दिवसांचा. व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के धरू. बाजारात हा दर मुळीच दुर्मिळ नाही. सहा दिवसांचे व्याज १३८ रुपये होते, आणि तेवढेच मागितले असते तर आम्ही हा अग्रलेख लिहिला नसता. परंतु कार्डाच्या हिशोबात पूर्ण रक्कम मुदतीत आली नाही की बिनव्याजी सवलत मुळापासूनच रद्द होते आणि व्याज मोजले जाते ते खरेदीच्या दिवसापासून. ५ जून ते १६ जुलै हे ४१ दिवस झाले. व्याज सुमारे ९४३ रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १७० रुपये. विलंबशुल्क लागलेच तर ते वेगळे. एवढ्यावरही सुटका नाही. दरम्यान याच कार्डावर किराणा घेतला असेल तर त्यालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. बँकाबँकांच्या हिशोबाच्या रीतीत थोडाफार फरक असेल, पण साचा हाच. चूक सहा दिवसांची आणि दंड एकेचाळीस दिवसांचा, या गणिताला आमच्या गुरुजींनी वर्गात किती गुण दिले असते, हे वाचकांनीच ठरवावे.

रिझर्व्ह बँकेने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२२ साली तिने कार्डांविषयी सविस्तर निर्देश काढले. बिल पाठवण्यात दिरंगाई होता कामा नये आणि व्याज लागू होण्यापूर्वी पैसे भरण्यास ग्राहकाला किमान एक पंधरवडा मिळाला पाहिजे, असे तिने बजावले. खाते तीन दिवसांहून अधिक थकले तरच विलंबशुल्क लावावे आणि तरच पतमाहिती कंपनीला थकबाकीची नोंद कळवावी, हेही सांगितले. न भरलेली शुल्के व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज चढवण्यास मनाई केली. १८८१ चे ते तीन दिवस अशा रीतीने परत आले, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ते परत आले ते अर्धेच. तीन दिवसांची ही सवलत विलंबशुल्काला आहे, पतनोंदीला आहे, व्याजाला नाही. शिवाय चौथा दिवस उजाडला की उशिराचे दिवस मूळ तारखेपासूनच मोजले जातात. आणि ज्या मुद्द्यावर सारा जाच उभा आहे, म्हणजे पैसे ‘भरले’ केव्हा असे मानायचे, त्याचे उत्तर बँका आपल्या शर्तींत स्वतःच लिहून टाकतात: रक्कम आमच्याकडे जमा होईल तेव्हा. टपालात, छाननीत, चेक वटण्यात जाणारा सगळा वेळ ग्राहकाच्या माथी.

हाच प्रश्न आपल्या परिसरातील एका कारखान्याच्या प्रकरणात देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सत्तर वर्षांपूर्वी येऊन गेला आहे. निपाणीहून पुण्याच्या वाटेवर कऱ्हाड लागते आणि कऱ्हाडच्या शेजारी ओगलेवाडी. ‘प्रभाकर’ कंदिलामुळे घरोघरी ठाऊक झालेला ओगल्यांचा काच कारखाना तेव्हा औंध संस्थानात होता. चाळीसच्या दशकात त्याने हिंदुस्थान सरकारला माल पुरवला आणि सरकारने दिल्लीहून चेक टपालाने पाठवले. पैसे कारखान्याला मिळाले कोठे, औंध संस्थानात की दिल्लीस, यावर आयकराचा वाद पेटला. १९५४ साली न्यायालयाने निर्णय दिला की, घेणेकऱ्याने चेक टपालाने पाठवावा असे उघडपणे वा गर्भितपणे सुचवले असेल तर टपालखाते हे घेणेकऱ्याचे प्रतिनिधी ठरते. चेक टपालाच्या स्वाधीन झाला त्याच क्षणी तो त्याला मिळाला. कारखाना दावा हरला. तेथे घेणेकरी कारखाना होता, येथे घेणेकरी बँक आहे. ज्या बँकेने आपल्या बिलावर चेक पाठवण्याचा पत्ता छापला आहे, तिने टपालाने चेक पाठवण्यास गर्भित संमती दिली नाही असे कोण म्हणेल? कायदेपंडित सांगतील की करारात ‘जमा होईल तेव्हा’ असे स्पष्ट लिहिल्यावर हे तत्त्व लागू करणे कठीण आहे. ते आम्हांस मान्य आहे. म्हणूनच हा मुद्दा एकेका ग्राहकाच्या दाव्यावर न सोडता रिझर्व्ह बँकेने नियमाने मिटवावा, असे आमचे म्हणणे आहे.

सीमाभागाला या विलंबाची एक वेगळीच चव ठाऊक आहे. निपाणी ते कोल्हापूर अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. सकाळी भाजी घेऊन गेलेला माणूस दुपारी घरी जेवावयास येतो. परंतु चेकची प्रतिमा पाठवून तो वटवण्याची जी व्यवस्था उभी राहिली, तिचे दिल्ली, मुंबई व चेन्नई असे तीन विभाग करण्यात आले. महाराष्ट्र आणि गोवा मुंबई विभागात, कर्नाटक चेन्नई विभागात. राज्य पुनर्रचनेची रेषा अशी चेकवरूनही गेली. देशातील सुमारे १८ हजार बँक शाखा २०२१ सालापर्यंत या व्यवस्थेच्या बाहेरच होत्या. पुढे त्या आत आल्या, आणि ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटवण्याची पद्धत सुरू झाली. ही सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. पण चेक बँकेच्या यंत्रापुढे ठेवल्यानंतरचा वेळ तिने वाचवला. लिफाफा ते यंत्र या वाटेवरचा वेळ होता तेथेच आहे. सुट्ट्याही दोन राज्यांच्या दोन. १ नोव्हेंबरला बेळगावातील बँका बंद, कोल्हापुरातील उघड्या. देय तारीख त्या दिवशी आली तर काय, याचे उत्तर बिलावर सापडत नाही.

ते अमेरिकेत कायद्यात सापडते. तेथे २००९ साली झालेल्या कार्ड कायद्याने बिल किमान २१ दिवस आधी रवाना झाले पाहिजे असे ठरवले. देय तारखेस सायंकाळी पाचपर्यंत पोचलेले पैसे वेळेवर धरले जातात, आणि त्या दिवशी बँक टपाल स्वीकारत नसेल तर पुढच्या कामाच्या दिवशी आलेली रक्कमही वेळेवर आली असे मानले जाते. मुदतीत भरलेल्या भागावर मागाहून व्याज आकारण्यास तेथे बंदी आहे. सावकारी भांडवलाच्या त्या माहेरघराला जे परवडते ते आपल्या बँकांना परवडू नये?

व्याजाच्या दरावर आता न्यायालयाकडून फारशी आशा नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांवरील व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, आणि करार करताना ग्राहकाला दर सांगितलेला असतो, असा त्या निकालाचा रोख आहे. ‘सांगितलेला असतो’ या शब्दांपाशी सीमाभागातील वाचक क्षणभर थांबेल. शर्ती सोप्या भाषेत आणि शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत असाव्यात, असे निर्देश आहेत. हा ‘शक्यतो’ बँकांना फार सोयीचा. बेळगावच्या ग्राहकाला शर्तींचे जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळते. त्यात कन्नडही नसते आणि मराठीही. निदान या एका बाबतीत दोन्ही भाषिकांची गैरसोय सारखीच आहे.

उशिराला सर्वत्र असाच दंड होत असता, तर आम्ही याला व्यवहाराची शिस्त म्हणून सोडून दिले असते. परंतु याच बेळगाव जिल्ह्यात उसाचा मळा आहे आणि साखर कारखान्यांची धुराडी आहेत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावयाचे आहे. थकलेल्या उसाच्या बिलांची ओरड देशभर होत आली आहे, आणि हे पंधरा टक्के शेतकऱ्याला न मागता मिळत नाहीत. त्यासाठी मोर्चे काढावे लागतात, न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. तोच शेतकरी कार्डधारक असेल आणि उसाचे बिल न आल्याने त्याचा चेक सहा दिवस उशिरा पोचला, तर बेचाळीस टक्क्यांचे व्याज यंत्र आपोआप मांडते. त्यासाठी बँकेला कोणाचे दार ठोठवावे लागत नाही. एकाच घरात, एकाच महिन्यात, उशिराचे हे दोन हिशोब शेजारी शेजारी पडलेले असतात.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. बँकेने स्वतः देऊ केलेल्या मार्गाने ग्राहकाने पैसे स्वाधीन केले, की पावतीवरची किंवा टपालाच्या शिक्क्यावरची तारीख हीच भरण्याची तारीख धरावी. मोबाईलवरून भरलेल्या आणि एक-दोन दिवसांनी जमा झालेल्या रकमेलाही हाच न्याय असावा. तीन दिवसांची सवलत व्याजालाही लागू करावी. आणि उशीर झालाच तर व्याज उशिराच्या दिवसांचे घ्यावे, खरेदीच्या दिवसापासूनचे नव्हे. चेक वटलाच नाही तर बँकेचे हक्क अबाधित आहेतच.

तोवर ग्राहकांनी एवढे करावे. चेक पेटीत टाकण्याची सक्ती नाही. खिडकीवर देऊन स्लिपवर पोच मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेनेच दिलेला आहे आणि शाखेला ती नाकारता येत नाही. टपालानेच पाठवावयाचा तर स्पीडपोस्टने पाठवून पावती जपून ठेवावी. अन्यायाचे व्याज लागले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर लोकपालाकडे जाता येते, आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. २०२१ साली सुरू झालेल्या योजनेत १४४४८ या क्रमांकावर मराठी व कन्नड दोन्ही भाषांत माहिती मिळण्याची सोय करण्यात आली. ज्यांना संगणक जमत नाही त्यांनी अर्ज टपालाने चंडीगडच्या केंद्राकडे धाडावा, आणि त्यासोबत चेक पाठवल्याच्या पावतीची प्रत जोडण्यास विसरू नये.